उभ्या काठीचा तोल : उलट्या लंबकाची गोष्ट

धुळे-सोलापूर महामार्गावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. गोदावरी इथून फार लांब नाही. जायकवाडीचा डावा कालवा याच पट्ट्यातून जातो. पाण्यामागोमाग ऊस आला आणि उसामागोमाग अंकुशनगरचा साखर कारखाना. हंगामात या फाट्यावर घटकाभर उभे राहिले, की ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांच्या मधून एखादी टायरची बैलगाडी जाताना अजूनही दिसते. मोळ्या माणसाच्या डोक्याच्याही वर रचलेल्या, आणि एवढा सगळा भार एका आसावर, दोन चाकांवर.

आम्ही या गाड्या कितीतरी वर्षे पाहत होतो, पण त्यांच्याकडे पदार्थविज्ञानाचा नमुना म्हणून पाहिले नव्हते. एकदा मात्र रस्त्याच्या चढावर अशीच एक गाडी दिसली. गाडीवान आपल्या जागेवरून उठला आणि धुऱ्यावर पुढे सरकून जवळजवळ बैलांच्या पाठीशी जाऊन बसला. चढ संपताच तो पुन्हा मागे आला. त्याला विचारले तेव्हा त्याने एकाच शब्दात कारण सांगितले : ‘उलाळंल.’ ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना अधिक सांगायला नको. मागचा भार वाढला की जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी मागे कलंडते.

हे का होते? मोळ्यांची थप्पी उंच असल्यामुळे भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या बराच वर असतो. रस्ता सपाट असताना तो आसाच्या किंचित पुढे राहील असा ऊस रचतात, म्हणजे बैलांच्या मानेवर थोडेच ओझे येते. चढ लागला की सगळी गाडी मागे झुकते आणि उंचावरचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे जातो. उतारावर याच्या उलट, सगळा भार मानेवर. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा खेळ मोठा. आधाराच्या वर भार असलेली, थोडी कलली की आणखी कलू पाहणारी अशी ही वस्तू आहे. यंत्रशास्त्रात हिला उलटा लंबक म्हणतात. घड्याळाचा लंबक बाजूला ओढून सोडला की आपल्या जागी परत येतो. उलट्या लंबकाला परतीची वाटच माहीत नसते.

उलट्या लंबकाचा सर्वांत सोपा नमुना म्हणजे तळहातावर उभी धरलेली काठी. डोंबाऱ्याच्या खेळात आपण तो पाहिलेला असतो आणि लहानपणी आपण सर्वांनी तो करूनही पाहिलेला असतो. इथे बैलगाडीपेक्षा एक महत्त्वाचा फरक आहे. गाडीला जू आहे, बैलाची मान तिला पिळून सरळ करू शकते. तळहात मात्र काठीला पिळू शकत नाही, त्याला फक्त सरकता येते. काठी उजवीकडे कलली, तर हात उजवीकडे न्यायचा, म्हणजे बूड माथ्याच्या खाली जाते. बरे, नुसते सरकवून चालत नाही, हाताला त्वरण द्यावे लागते. आकडा काढणे सोपे आहे. कल लहान असेल तर गुरुत्वत्वरणाला कलाच्या कोनाने (रेडियनमध्ये) गुणायचे. काठी ५ अंश कलली असेल तर कोन सुमारे ०.०८७ रेडियन, आणि हाताला सेकंदाला सेकंदाला ०.८६ मीटरपेक्षा जास्त त्वरण हवे. तेवढेच दिले तर काठीचे कलणे फक्त थबकेल, तिला उभी करायला त्याहून जास्त लागेल.

हाताच्या जागी रुळावर पुढे-मागे जाणारी छोटी गाडी ठेवा, काठीचे बूड तिच्यावर बिजागरीने जोडा, आणि गाडीला मोटर लावा. नियंत्रणशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आढळणारा ‘गाडीवरचा उलटा लंबक’ तो हाच.

या काठीचा लिखित इतिहास मात्र गाडीपासून सुरू होत नाही. इंग्लंडात अँड्र्यू स्टीफन्सन यांनी १९०८ साली दाखवून दिले, की उलट्या लंबकाचे बूड खाली-वर पुरेसे जलद हलवत राहिले तर तो कोणीही न सावरता उभा राहतो. गोष्ट खरी वाटत नाही, पण खरी आहे. रशियाचे प्योत्र कापित्सा यांनी १९५१ मध्ये तिचा सोपा उलगडा केला आणि तेव्हापासून असा लंबक त्यांच्या नावाने ओळखला जातो. या प्रयोगात काठीकडे कोणी पाहत नाही, ती कुठे कलली आहे हे कोणी मोजत नाही. आपला विषय मोजून सावरण्याचा आहे, म्हणून हा रस्ता इथेच सोडू.

मोजून सावरण्याची यंत्रे खेड्यात नवी नाहीत. वीज पोहोचण्याआधी विहिरीवर जी डिझेल इंजिने फुकफुकत असत, त्यांत फिरत्या वजनांचा गव्हर्नर असे. भार कमी झाला की इंजिन पळू लागते, वजने बाहेर फाकतात आणि डिझेल कमी होते. वेग मंदावला की वजने आत येतात, डिझेल वाढते. परिणाम पाहून कारण बदलायचे, याला फीडबॅक म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर बसवला. पण पुढे यंत्रे चांगली होत गेली तशी एक विचित्र तक्रार येऊ लागली : गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्याऐवजी स्वतःच झोके घेऊ लागे. इंजिन पळे, मंदावे, पुन्हा पळे. विद्युतचुंबकीय लहरींचे गणित मांडणाऱ्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये या झोक्यांवर निबंध लिहिला आणि सावरणारे यंत्र केव्हा सावरील व केव्हा बिघडवील याच्या अटी शोधायला सुरुवात केली. आमच्या मते नियंत्रणशास्त्राचा जन्म इथे मानायला हरकत नाही.

काठीलाही हेच लागू पडते. समजा, आपण फक्त ‘किती कलली’ एवढेच पाहून गाडीला त्वरण दिले. काठी उभी होईल खरी, पण उभी होताना तिच्याजवळ वेग असेल. त्या वेगाने ती पलीकडे जाईल, तिथून परत येईल, आणि साध्या लंबकासारखी झुलतच राहील. म्हणून ‘किती वेगाने कलते आहे’ हेही पाहावे लागते. ती झपाट्याने उभी होत असेल तर सरळ होण्यापूर्वीच हात आवरता घ्यायचा. डोंबाऱ्याचे पोर हे बोलून दाखवत नाही, पण करते तेच.

आणखी एक गंमत आहे आणि ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे. तळहातावर काठी तोलून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला सांगा, ‘आता चार पावले पुढे जा.’ त्याचा हात लक्षपूर्वक पाहा. हात पहिल्यांदा किंचित मागे जातो! कारण पुढे जायचे तर काठी पुढे कललेली हवी, आणि काठीला पुढे कलवायचे तर तिचे बूड मागे ओढणे हाच उपाय. रुळावरच्या गाडीचेही तसेच. रूळ संपत आला म्हणून तिला उजवीकडून डावीकडे आणायचे, तर आधी आणखी उजवीकडे जावे लागते. त्यामुळे चार गोष्टींवर नजर हवी : काठीचा कल, कलण्याचा वेग, गाडीची जागा आणि गाडीचा वेग. चारही राशी एकत्र धरून योग्य बळ काढण्याचे गणित रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडले. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत जेम्स रोबर्ज या विद्यार्थ्याने गाडीवरची काठी सावरण्यावर पदवीचा प्रबंध लिहिला, तोही १९६० मध्येच. प्रबंधाचे नाव होते ‘यांत्रिक सील’. सर्कशीतला नाकावर चेंडू तोलणारा सील मासा त्याच्या डोळ्यांपुढे होता.

आता आमच्या फजितीविषयी. वडीगोद्रीच्या परिसरातील एका शाळेत आम्ही हा प्रयोग दाखवायचे ठरवले. खेळण्यातली मोटर, दोरीचा पट्टा, लाकडी पट्ट्यांचे रूळ आणि काठी म्हणून सायकलच्या चाकाची तार. कल मोजायला रेडिओच्या आवाजाची फिरकी बिजागरीला जोडली होती. घरी हा प्रकार चार-पाच सेकंद चालला होता. वर्गात एकदाही नाही. गाडी इकडून तिकडे झोके घेई, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला तार आडवी. आम्ही तारा तपासल्या, सेल बदलले. शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, काठी पडायला लागल्यावर गाडी उशिरा निघती. दोरी आधी ताणती, मग गाडी हलती.’ तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. दोरी सैल झाली होती. मॅक्सवेलच्या इंजिनाचा रोग आमच्या रुळांवर आला होता.

उशीर किती चालतो, हे काठीची लांबी ठरवते. एकसारख्या जाडीची काठी बुडावर उभी केली आणि किंचित कलवून सोडली, तर ती किती झपाट्याने पडेल हे तिच्या दोन-तृतीयांश लांबीला गुरुत्वत्वरणाने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमुळावरून कळते. एक मीटर काठीसाठी हा काळ ०.२६ सेकंद, १५ सेंटिमीटर पेन्सिलीसाठी ०.१० सेकंद आणि तीन मीटरच्या वेळूसाठी ०.४५ सेकंद. पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात १ अंशाचा कल किती होतो? वेळूचा १.१ अंश, मीटरभर काठीचा १.३ अंश, आणि पेन्सिलीचा ३.७ अंश. डोंबारी लांब वेळू घेतो तो केवळ लोकांना भिववण्यासाठी नव्हे. उंच वेळू सावरणे पेन्सिलीपेक्षा सोपे असते! आमच्या सायकलच्या तारेची लांबी जेमतेम एक वीत होती. पुढच्या खेपेला आम्ही दोरी घट्ट केली आणि तारेऐवजी मीटरभर कामटी लावली.

काठीच्या या गोष्टीत अग्निबाण येतोच, आणि तो येताना एक प्रसिद्ध चूक घेऊन येतो. रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनावरचा पहिला अग्निबाण उडवला. त्याचे इंजिन वर होते आणि टाक्या खाली. कल्पना अशी, की वर ओढणारे इंजिन असले म्हणजे खालचा भार लंबकासारखा लोंबेल आणि बाण आपोआप सरळ राहील. तो अडीच सेकंद उडाला, सुमारे साडेबारा मीटर उंच गेला आणि शेतात पडला. कल्पना चुकीची होती. लंबकाची खुंटी भिंतीत पक्की असते. इथे बाण कलला की इंजिनही त्याच्याबरोबर कलते आणि त्याच दिशेला ओढत राहते. परत आणणारे बळच नाही. इंजिन वर ठेवा किंवा खाली ठेवा, तोल मोजूनच सावरावा लागतो, हे गॉडर्ड यांनाही पुढे उमगले. त्यांनी इंजिन खाली नेले आणि भोवऱ्याच्या तत्त्वावरील जायरोस्कोपने कल मोजायला सुरुवात केली.

अग्निबाण म्हणजे तळहातावरची काठी, असे सर्रास लिहिले जाते. आम्हीही वर्गात तसे सांगितले आहे. पण ही उपमा अर्धीच खरी आहे. बुडाशी बळ लावून वरचे टोक सांभाळायचे, हे साम्य खरे. परंतु उडत्या बाणाला गुरुत्वाकर्षण पाडत नाही, कारण ते त्याच्या सर्व भागांना सारखेच खेचते. त्याला कलंडवते ती हवा. हवेच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या पुढे असेल, तर थोडा कल पुरे, वारा त्याला आणखी वळवतो. थुंब्याहून सोडलेल्या लहान बाणांना शेपटीला पंख असत. त्यामुळे दाबाचा मध्य मागे राही आणि ते धनुष्याच्या बाणासारखे सरळ जात. उपग्रह कक्षेत नेणाऱ्या मोठ्या बाणाला मात्र ठरल्या वेळी ठरल्या कोनात वळायचेही असते. त्याला हात हवा.

भारताच्या पहिल्या उपग्रहवाहकाची, एसएलव्ही-३ ची, कथा या हाताचीच आहे. उंची सुमारे २२ मीटर, वजन १७ टन, चार टप्पे, आणि चारही टप्पे घन इंधनाचे. हे घन इंधन आपल्या देशात तयार करण्याच्या कामात एक मोठा वाटा पुण्यात जन्मलेल्या डॉ. वसंत गोवारीकरांचा होता. ब्रिटनमधली नोकरी सोडून ते विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंब्याला आले होते. घन इंधनाची एक अडचण असते. ते एकदा पेटले की कमी-जास्त करता येत नाही, आणि त्या काळी भलेमोठे जळते नळकांडे बुडाशी हवे तसे वळवणेही सोपे नव्हते. म्हणून दिशा सावरण्यासाठी प्रत्येक टप्प्याला वेगळी सोय केली होती. दुसऱ्या टप्प्यावर लहान लहान झोत होते, ज्यांत इंधनाला जाळण्यासाठी धुमसते लाल नायट्रिक आम्ल सोडले जाई. जायरोस्कोप कल मोजणार, संगणकीय यंत्रणा हिशेब करणार, झडपा उघडणार आणि झोत बाणाला सरळ करणार.

१० ऑगस्ट १९७९ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ उडाला. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख केले. दुसरा टप्पा पेटला आणि बाण भरकटू लागला. ३१७ सेकंदांनंतर सगळे संपले होते. उरलेले टप्पे आणि उपग्रह ५६० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात गेले.

तपासात जे निघाले ते प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वाचावे असे आहे. उड्डाणाच्या आठ मिनिटे आधी आम्लाच्या टाकीजवळची एक विद्युत झडप तपासणीसाठी उघडली. तिच्यात कचरा अडकला आणि ती पूर्ण मिटलीच नाही. आम्ल झिरपून गेले. पुढे आकाशात बाण कलला तेव्हा कल मोजला गेला, हिशेब झाला, हुकूमही सुटला. झोतात इंधन आले, पण त्याला जाळणारे आम्ल नव्हते. बळ शून्य. डोळे ठीक, मेंदू ठीक, हातच लुळा.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले, की शेवटच्या मिनिटांत संगणकाने उड्डाण थांबवले होते. गळती दिसत होती. तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितले की साठा पुरेसा आहे, आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. अपयशानंतर पत्रकारांसमोर मात्र संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी आपल्याकडे घेतली. या प्रसंगातील धवनांच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्हाला त्यातली दुसरी बाजूही तितकीच मोलाची वाटते : आपला निर्णय चुकला हे कलामांनी आयुष्यभर लपवले नाही, आणि कचऱ्याने अडलेल्या झडपेपर्यंत माग काढल्याशिवाय कोणी स्वस्थ बसले नाही. त्याच वर्षी गोवारीकर थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. १८ जुलै १९८० रोजी दुसरा एसएलव्ही-३ उडाला आणि ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या वेळची पत्रकार परिषद धवनांनी कलामांना घ्यायला लावली.

तिकडे प्रयोगशाळेतली काठी दुसऱ्याच वाटेने चालली होती. तिचे समीकरण न मांडता, पडून पडून शिकणारे यंत्र करता येईल का? १९६४ मध्ये बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्याने माणसाचे पाहून काठी सावरायला शिकणारे मंडल बनवले. एडिंबराच्या डोनाल्ड मिची यांनी आधी तीनशेहून अधिक काड्यापेट्या आणि रंगीत मणी वापरून फुली-गोळा शिकणारे ‘यंत्र’ केले होते. १९६८ मध्ये त्यांनी हीच युक्ती गाडीवरच्या काठीला लावली. काठी-गाडीच्या सर्व स्थितींचे खण पाडायचे, प्रत्येक खणात ‘डावीकडे’ की ‘उजवीकडे’ हे अनुभवाने ठरू द्यायचे. १९८३ मध्ये बार्टो, सटन आणि अँडरसन यांनी ती पद्धत पुढे नेली. आज यंत्रांना बक्षीस-शिक्षेतून शिकवण्याच्या ज्या पद्धती गाजत आहेत, त्यांची एक मुळी या निबंधात आहे. बार्टो आणि सटन यांना २०२४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. काड्यापेट्यांचा प्रयोग मात्र अजूनही कोणत्याही शाळेत फुकटात करता येतो.

वर्गासाठी आणखी एक सुचवतो, याला काड्यापेट्याही नकोत. वेगवेगळ्या लांबीच्या कामट्या कापा : दीड मीटर, एक मीटर, पाऊण, अर्धा, वीतभर. प्रत्येक विद्यार्थ्याने कोणती कामटी किती सेकंद तोलली याची नोंद फळ्यावर करा. जिथे सगळ्यांचे आकडे एकदम घसरतात ती लांबी पाहा आणि वर दिलेल्या रीतीने तिचा काळ काढा. मग दोन गोष्टी बदलून बघा. एकदा माथ्याऐवजी काठीच्या बुडाकडे पाहत तोलायचे. आणि एकदा काठीच्या माथ्याला ओल्या मातीचा गोळा चिकटवायचा. गोळ्याने काठी जड होईल, तेव्हा ती सावरायला अवघड जाईल की सोपी, यावर आधी मुलांकडून हात वर करून घ्या. आमच्या त्या वर्गात जवळजवळ सगळ्यांनी ‘अवघड’ला हात वर केला होता. नववीतल्या त्या मुलीने केला नव्हता. ती म्हणाली होती, ‘उसाची गाडी वरून भरली की उलाळती खरी, पण सावकाश उलाळती.’